छापून आलेलं आपलं वाचायचं नाही

‘डेस्कसाइड’ मासिकाच्या कचेरीत एक रीत होती. छापखान्यातून अंक आला, की प्रत्येकाने तो हातात घ्यायचा, ताज्या शाईचा वास घ्यायचा, मुखपृष्ठाला नावं ठेवायची, दुसऱ्यांचे लेख चवीने वाचायचे. पण स्वतःचा लेख उघडायचा नाही. आपलं पान आलं, की दोन पानं एकदम उलटायची आणि पुढे जायचं.

ही रीत हॉलिस ड्रेपरने घालून दिली होती. हॉलिस संपादक. मासिक निघालं तेव्हा कचेरी म्हणजे त्याच्या घरामागची गाडी ठेवायची खोली होती, आणि घरात कॉम्प्युटर आहे असं कुणी म्हटलं तर न्यू हॅम्पशरमधले शेजारी त्या माणसापासून थोडे जपून राहत. पहिल्याच वर्षी एका लेखकाने आपला छापून आलेला लेख वाचला आणि त्यात एका तारेची जोडणी उलटी सांगितलेली त्याला सापडली. अंक तर टपालात पडलेला. परत कसा आणणार? पुढच्या अंकात दुरुस्ती येईपर्यंत त्याला अन्न गोड लागलं नाही. फोन वाजला, की कुणाच्या तरी घराला आग लागली असं धरून तो पांढराफटक पडायचा.

तेव्हा हॉलिस म्हणाला होता, “आजपासून छापून आलेलं आपलं कुणी वाचायचं नाही. वाचायचं ते प्रूफ. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वाचा. पण एकदा छापलं, की ते वाचकाचं झालं. चूक असली तर तो कळवेल. तो काय सोडतोय?”

व्हर्ना पेल्कीने ही रीत एखाद्या व्रतासारखी सांभाळली. ती ‘डेस्कसाइड’साठी यंत्रांची परीक्षणं लिहायची. तिची पद्धत साधी होती. लोक घरी यंत्राशी जसं वागतील, त्याच्यापेक्षा चार पटींनी वाईट आपण वागायचं. प्रिंटरला ओलसर कागद द्यायचा, कीबोर्डवर कॉफी सांडायची, चालू यंत्राची वायर उपटायची. मग जे घडेल ते सरळ शब्दांत लिहायचं. यंत्राबद्दल ती माणसासारखं लिहायची, “हे फार कुरकुरतं,” “हे जरा रुसकं आहे,” आणि वाचकांना ते आवडायचं. कुणी विचारलं, की व्हर्ना, तुझा अमुक लेख काय छान आला होता, तर ती म्हणायची, “हो? मी वाचला नाही.” आणि ते खरं असायचं.

मग छपाई बंद झाली.

एकदम नाही झाली. आधी जाहिराती पातळ झाल्या, मग अंक पातळ झाला. व्हर्नाने आज तपासलेलं यंत्र छापून वाचकापर्यंत पोचायला तीन महिने लागायचे, आणि तोवर इंटरनेटवर त्याची सगळी अंडीपिल्ली बाहेर आलेली असायची. शेवटचा अंक इतका बारीक निघाला, की तो रविवारी चर्चच्या दारात वाटतात त्या पत्रकात हरवला असता. त्यानंतर पानं जुळवायची ती लांब, उतरती मेजं कुणीतरी उचलून नेली. भिंतीवर त्यांच्या कडांचे ओरखडे तेवढे उरले.

मेजांच्या जागी डेलिया व्हॉस आली. ती वेबसाइट सांभाळणार होती. वय तिशीच्या आसपास, पायांत पुरुषी बूट, आणि तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी व्हर्नाने तिला विचारलं, “अंक बंद कधी करायचा? म्हणजे मजकूर कधीपर्यंत द्यायचा?”

“अंक नाही आता, व्हर्ना.”

“मग काय आहे?”

“बटण आहे. दाबलं की झालं.”

“आणि प्रूफ?”

“दाबायच्या आधी वाच. किंवा दाबल्यावर वाच. चुकलं तर बदलू. काय फरक पडतो?”

व्हर्नाला त्यात कुठे बोट ठेवावं ते कळलं नाही, म्हणून ती आपल्या खुर्चीकडे वळली.

त्या उन्हाळ्यात तिने ‘मॅपलव्हॉल्ट’ तपासलं. कॉम्प्युटरमधली कागदपत्रं जाड डिस्कवर साठवून ठेवणारा तो डबा होता, पावाच्या छोट्या लादीएवढा. दिसायला देखणा, आवाज नाही, वापरायला सोपा. लोक आपली आयुष्यभराची पत्रं, हिशेब, फोटो असल्या डब्यात ठेवणार म्हणून व्हर्नाने तिच्या रिवाजाप्रमाणे डिस्क भरली, आणखी भरली, आणि अशी भरली की शहाणा माणूस भरणार नाही. डिस्क पाऊण भरली आणि डबा शांतपणे तिची अनुक्रमणिकाच पुसून मोकळा झाला. आवाज नाही, सूचना नाही. आत सगळं होतं, पण कशाचाच पत्ता राहिला नव्हता. तिने दुसरी डिस्क घेतली, तिसरी घेतली. तेच.

तिने लिहिलं: “डिस्क पाऊण भरली, की हा डबा आत काय ठेवलंय तेच विसरतो. जे पुन्हा मिळणार नाही असं काहीही यात ठेवू नका.”

हॉलिसने प्रूफ वाचलं. सवयीने त्याने ते कागदावर छापून घेतलं होतं, हातात लाल पेन्सिल होती. त्या वाक्याखाली त्याने रेघ मारली. “हे मधोमध ठेव,” तो म्हणाला. “घाईत वाचणाऱ्यालाही अडखळायला झालं पाहिजे.”

डेलियाने बटण दाबलं. व्हर्ना खुर्चीतून उठली.

“अगं, बघ तरी कसं दिसतंय!”

“आम्ही बघत नसतो,” व्हर्ना म्हणाली आणि आपला कोट घेऊन घरी गेली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर, व्हर्ना नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला गेली. ओडील तिच्याहून मोठी. नदीपलीकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीत, गिरणीकामगारांच्या त्याच लाकडी घरात राहायची, जिथे दोघींचा जन्म झाला. नवरा गेल्यावर तिने स्वतःला एका कामात बुडवून घेतलं होतं. कॅनडातल्या क्वेबेकहून येऊन कापडगिरणीत जन्म काढलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी ती जायची, टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायची आणि त्यांना बोलतं करायची. घरी येऊन ते सगळं शब्द न् शब्द टाइप करायची. टाइप झालं, की त्याच टेपेवर पुढची बाई. टेप वाया घालवणं तिच्या रक्तातच नव्हतं.

स्वयंपाकघरात मांसाचं सारण भरलेली मीट-पाय भट्टीत होती आणि लवंगेचा वास सुटला होता. ओडीलने बहिणीला दारातच धरलं.

“कोट नंतर काढ. आधी इकडे ये. तुझ्या डब्याने काहीतरी नखरे मांडलेत.”

“माझा कुठला डबा?”

“अगं तोच. तू लिहिलंस तो.”

आतल्या खोलीत कॉम्प्युटरशेजारी पावाच्या लादीएवढा देखणा डबा बसला होता. पुढचा बारीक दिवा नारिंगी जळत होता.

व्हर्ना उंबऱ्यातच थांबली. 

“ओडील. हा तू का घेतलास?”

“चर्चने मला वापरायला दिलेला जुना कॉम्प्युटर काढून टाकायचा होता ना. त्यावर माझं सगळं होतं. फादर म्हणाले, काढून घे. मग मी सगळं या डिस्कवर ठेवलं आणि तो जुना दिला पाठवून. काल मिसेस रोबर्जचं उघडायला गेले तर म्हणतोय, डिस्क रिकामी! जरा कान पिळ त्याचे.”

मिसेस रोबर्ज ईस्टरच्या सुमारास वारल्या होत्या. त्यांनी गिरणीतल्या मागांच्या आवाजात बायका ओठांच्या हालचालींनी कशा बोलायच्या ते सांगितलं होतं. ओडीलने फोनवर ते व्हर्नाला वाचून दाखवलं होतं आणि दोघी रडल्या होत्या.

“सगळं यावर?” व्हर्नाने विचारलं. “सगळ्या बायका?”

“सगळ्या.”

“टेपा?”

“टेपांवर पुढच्या बायका. तुला माहीतच आहे.” ओडीलचा आवाज बदलला. “अशी काय बघतेस? तूच म्हणाली होतीस ना, निर्धास्त ठेवा?”

“मी? मी लिहिलं होतं, ठेवू नका!”

“व्हर्न.”

“मी स्वतः लिहिलंय ओडील, माझ्या हाताने. पाऊण भरली की विसरतो. काहीही ठेवू नका.”

“मी काय आंधळी आहे? तुझं नाव बघून वाचलं. नाव नसतं तर वाचलंही नसतं. मला काय कळतं त्यातलं?”

ओडीलने खुर्ची ओढली. इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमने नेहमीचं किंचाळून घेतलं. मग पान उतरू लागलं, वरून खाली, एकेक पट्टी, छतातून पाणी गळावं तसं. आधी ‘डेस्कसाइड’चं नाव. मग ‘मॅपलव्हॉल्ट: आठवणींचा डबा’. मग ‘परीक्षण: व्हर्ना पेल्की’. मग डब्याचा फोटो, जो संपतच नव्हता.

छापून आलेलं आपलं लिखाण व्हर्ना आयुष्यात पहिल्यांदा वाचत होती. पहिला परिच्छेद तिचा होता. दुसरा तिचा होता. मधोमध, जिथे घाईत वाचणाऱ्यानेही अडखळावं म्हणून हॉलिसने वाक्य ठेवायला लावलं होतं, तिथे लिहिलं होतं:

“डिस्क काठोकाठ भरली तरी हा डबा कुरकुरत नाही. जे पुन्हा मिळणार नाही ते निर्धास्त यात ठेवा.”

तिने पुन्हा वाचलं. बोट काचेवर ठेवून वाचलं.  ‘कुरकुरत नाही.’ तो शब्द तिचा होता. कुणीतरी तिच्या घरात शिरून तिच्याच आवाजात बोललं होतं.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

ओडील तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी साखरेचं भांडं फुटलं तेव्हा आई अशीच बघत राहिली होती.

“नाव तुझं आहे.”

“हो.”

“बोलणं तुझ्यासारखं आहे.”

“हो, पण...”

“मग खोटं कोण बोलतंय व्हर्न, हा पडदा का तू? अंक असता तर मी काढून दाखवला असता. तूही काढून दाखवला असतास. आता कुठे दाखवतेस?”

व्हर्नाने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की दाखवायला काहीच नाही. घरच्या कपाटात आजवरचे सगळे अंक ओळीने होते. त्यातली एकही चूक कुणाला पुसता आली नसती आणि एकही खरी गोष्टसुद्धा. हे वाक्य मात्र असं गेलं होतं, जणू कधी नव्हतंच. तिचा कच्चा मजकूर कचेरीतल्या कॉम्प्युटरवर असेल. पण कच्चा मजकूर काय, आज बसूनही कुणी लिहील.

भट्टीतली मीट-पाय करपायला लागली होती. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

“जा तू,” ओडील शेवटी म्हणाली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. “आज मला एकटीला जेवू दे.”

सोमवारी सकाळी व्हर्ना कोट न काढताच डेलियापुढे उभी राहिली.

“माझं वाक्य कुणी बदललं?”

“सुप्रभात तुलाही,” डेलिया म्हणाली. मग तिने व्हर्नाचा चेहरा पाहिला आणि कॉफी खाली ठेवली. “कुठलं वाक्य?”

व्हर्नाने सांगितलं. डेलियाने पान उघडलं, वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हे तर मी ऑगस्टपासून असंच बघतेय. मला वाटलं तूच बदललंस.”

“मी माझं ‘ठेवू नका’ काढून ‘ठेवा’ कशाला लिहीन?”

“मला काय माहीत! तुम्ही छपाईवाले फार विचार करून लिहिता. मला वाटलं, पुन्हा तपासलं असशील. वाक्य एकदम तुझं वाटतं. मला असं येणारही नाही. यंत्र कुरकुरतं वगैरे माझ्या तोंडी कधी ऐकलंस?”

ते खरं होतं. डेलियाच्या भाषेत यंत्रं एक तर चालत होती किंवा मेली होती.

“मग कोण?”

डेलियाने चार-दोन कळा दाबल्या, पडद्याकडे बघितलं आणि मान फिरवली. 

“पान बदलायला जो आत शिरतो, त्याचं नाव नोंदलेलं राहतं,” ती हळू म्हणाली. “व्हर्ना, तू जरा बस.”

“नाव सांग.”

“हॉलिस.”

व्हर्ना बसली नाही. तिला हसूच आलं, असलं काही ऐकल्यावर माणूस हसतो तसं. एका स्वल्पविरामासाठी छापखान्यात फोन करून यंत्र थांबवणारा हॉलिस. तिच्या पहिल्या लेखाची पानं परत देताना “खरं लिहिलंस, आता नीट लिही,” म्हणणारा हॉलिस. “तू चुकीचं नाव बघतेस,” ती म्हणाली.

डेलियाने पडदा तिच्याकडे वळवला.

हॉलिसच्या खोलीचं दार उघडं होतं. तो खिडकीपाशी उभा राहून नदीकडे बघत होता. व्हर्ना आत आली तरी वळला नाही. भिंती पातळ होत्या. त्याने सगळं ऐकलं होतं.

“त्या कंपनीचा फोन आला होता,” तो म्हणाला. “सभ्य माणूस होता. म्हणाला, दोष आम्हाला सापडला, नव्या मालात काढून टाकला. मग तुमचं वाक्य आता खरं राहिलं नाही. इंटरनेटवर तर कायम राहणार. पुढच्या वर्षीही लोक वाचणार, आणि आमचा माल चांगला असून पडून राहणार. मला ते पटलं, व्हर्ना.”

“तू नवा डबा मागवून तपासलास?”

त्याने खिडकीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली.

“मला सांगितलंस?”

“सांगणार होतो.”

“बरं, काढायचं होतं तर काढायचं. ‘निर्धास्त ठेवा’ हे कशाला घातलंस? हे तर त्या कंपनीनेही मागितलं नसेल!”

आता हॉलिस वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच गोंधळ होता. जणू हा प्रश्न त्यालाही आत्ताच पडला होता.

“वाक्य काढलं तर मधे भोक पडतं,” तो म्हणाला. “दोन ओळींचं. मी तेवढ्याच लांबीचं काहीतरी भरलं. शब्द मोजून. तुझ्या सुराशी जुळेल असं. माझा हात तसाच वळलाय ना, आयुष्यभर तेच तर केलं.”

दारातून डेलियाचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. “हॉलिस, इथे भोक पडत नाही. वाक्य काढलं की खालचं आपोआप वर सरकतं.”

“आपोआप?”

“आपोआप. काही भरावं लागत नाही.”

हॉलिस खुर्चीत बसला. बसला म्हणण्यापेक्षा खुर्चीने त्याला धरलं. त्याच्या ओठांची हालचाल झाली, शब्द मात्र आला नाही. व्हर्नाला मिसेस रोबर्ज आठवल्या, मागाच्या आवाजात ओठांनीच बोलणाऱ्या. नव्या यंत्रात नसलेली एक जागा या माणसाने जुन्या हाताने भरली होती, आणि त्या दोन ओळींत ओडीलच्या सगळ्या म्हाताऱ्या बायका गेल्या होत्या.

तिने त्याला ते सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं: कोण बायका, टेपा कशा पुसत गेल्या, दिवा कसा नारिंगी जळतोय. तो ऐकत राहिला. मधेच त्याने चष्मा काढला.

“छपाईत मी असं कधी केलं नसतं,” तो म्हणाला. “तुला माहीत आहे.”

“छपाईत करताच येत नव्हतं, हॉलिस.”

 व्हर्नालाच ते ऐकून धक्का बसला, आपल्याच तोंडून. इतकी वर्षं ज्याला ती या माणसाचा खरेपणा समजत आली, त्यातला किती त्याचा होता आणि किती शाईचा, कुणास ठाऊक.

पण एक गोष्ट अजून विचारायची राहिली होती. 

“मी कधीतरी बघेन असं तुला नाही वाटलं? माझं नाव होतं त्यावर.”

हॉलिसने मेजावरची लाल पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली.

“तू वाचणार नाहीस हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. “तू रीत मोडत नाहीस.”

खालून नदीवरच्या बांधाचा आवाज वर येत होता. तिने श्रद्धेने पाळलेली रीत. त्यानेच घालून दिलेली. तिच्याच आडोशाने तो आत शिरला होता आणि तिला कळणार नाही याची खात्री बाळगून बाहेर पडला होता. तिला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. आपण दिवसभर उपास धरावा आणि संध्याकाळी कळावं, की ज्याच्यासाठी धरला त्याला ते सोयीचं होतं, असं काहीतरी तिच्या छातीत झालं.

“मी दुरुस्ती लिहिणार आहे,” ती म्हणाली. “मधोमध नाही आणि तळाशी बारीक टायपात नाही. सगळ्यात वर. आधी काय होतं, मग काय केलं, कुणी केलं.”

“माझं नाव?”

“तुझं नाव.”

“व्हर्ना, ते वाचून इथलं दुकान...” त्याने वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, “नावाशिवाय नाही चालणार?”

“नावाशिवाय माझी बहीण माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. का ठेवावा? तिच्यापुढे माझ्या नावाने खोटं छापलंय. ते मी बोललेच नाही, हे तुझ्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही.”

हॉलिसने चष्मा लावला. कोरा कागद पुढे ओढला आणि लाल पेन्सिलीने लिहायला घेतलं. लिहिताना तो दोनदा थांबला. कागद दिला तेव्हा त्यावर चार ओळी होत्या: मूळ वाक्य जसंच्या तसं, कारण ते त्याला पाठ होतं, त्या जागचं ‘निर्धास्त ठेवा’ संपादकाने लेखिकेला न विचारता, यंत्र न तपासता घातलं हे, ज्यांनी त्यावर विसंबून काही गमावलं त्यांची क्षमा, आणि पूर्ण नाव. व्हर्नाने कागद वाचला. त्यात एक शब्द बदलण्याजोगा नव्हता. हे तिला कदाचित सगळ्यात जास्त लागलं, की त्याला अजून खरं लिहिता येत होतं.

डेलियाने ते लेखाच्या वर टाइप केलं, मधोमध व्हर्नाचं मूळ वाक्य परत घातलं आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. “तू दाब.”

व्हर्नाने दाबलं. आणि उठून गेली नाही. पान वरून खाली उतरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि शेवटच्या ओळीपर्यंत तिने ते वाचलं.

आठवडाभरात पत्रं यायला लागली. पूर्वी टपालाची पोती यायची तशी नाही, पडद्यावर, एकाखाली एक. व्हर्मॉंटच्या एका डॉक्टरची, मेन राज्यातल्या एका शाळामास्तराची. प्रत्येकाने काहीतरी निर्धास्त ठेवलं होतं. व्हर्ना प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहायची. ओडीलची डिस्क मात्र जिथे जिथे पाठवली तिथून तशीच परत आली.

ओडीलचा फोन आला तेव्हा व्हर्ना घरी होती, सकाळची कॉफी अजून गाळायची होती, दुसऱ्या फोनलाइनवरचं मोडेम नुकतंच किंचाळून शांत झालं होतं.

“वाचलं मी,” ओडील म्हणाली.

“हं.”

“त्याने स्वतः लिहिलं?”

“स्वतः.”

 पलीकडे ओडीलने नाक ओढलं. “ज्या जिवंत आहेत त्यांच्याकडे पुन्हा जायचं म्हणतेय. त्या मिसेस दुबे होत्या ना, त्यांच्या बहिणीला आठवेल थोडंफार. ऐकू येत नाही तिला, पण तोंड थांबत नाही.”

“मी येते. टेपा मी आणीन. एकही पुसायची नाही.”

“पुसत नाही, बाई.” मग ओडीलने विचारलं, “काय करतेस आत्ता?”

“वाचतेय.”

“सकाळी सकाळी? काय?”

“माझंच.”

“स्वतःचं स्वतःच?” ओडीलच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुना खट्याळपणा डोकावला. “म्हातारपणी एवढं प्रेम स्वतःवर?”

व्हर्ना उत्तर देणार होती, पण पान उतरत होतं. मासिकाचं नाव आलं. दुरुस्ती आली, हॉलिसच्या नावासकट. मग तो न संपणारा फोटो. फोन कानाशी धरून ती मधोमधच्या आपल्या ‘ठेवू नका’ची वाट बघत राहिली. ते रोज आपल्या जागी असायचं, आणि तरी ते येईपर्यंत रोज तिचा श्वास अडकायचा.